शेळीनं सोडलेलं, माणसानं विसरलेलं

शिंदखेड्यात, दोंडाईच्यात किंवा खानदेशातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत एक तरी घर कुलपात असतं. कारणं सगळ्यांना पाठ असतात. घरचे सुरतेला कामाला गेले आणि उधना-लिंबायतकडेच राहिले. भावाभावांत वाटणीचा दावा लागलाय. म्हातारी गेली आणि पोरं नाशिक-पुण्याहून लग्नकार्यापुरती येतात. दोन-चार पावसाळे गेले की अंगणात छातीएवढं रान माजतं आणि शेजारची आजी नातवाला दटावते, "तठे नको जावू, साप शे."

आजीचं बरोबर आहे, साप असतोच. पण तो तिथे का आला हे सांगायचं तर सुरुवात छपरापासून करावी लागते.

जुनं घर बहुधा धाब्याचं. लाकडी कड्या, त्यांवर काड्या-फळ्या, वर मातीचा जाड थर आणि सर्वांत वर खारी माती. मृगाच्या आधी धाब्यावर नवी खारी टाकायची हा इकडचा जुना नेम. या मातीत सोड्याचे क्षार भरपूर असतात. पाणी पडलं की त्यांच्यामुळे चिकणमातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात, मधल्या छिद्रांत जाऊन बसतात आणि वरचा थर गच्च होतो. पाणी मुरत नाही, वाहून जातं. शेतात पीक येऊ देत नाही म्हणून जी माती शिव्या खाते, तीच छपरावर घर राखते. तिच्यात बीही सहसा रुजत नाही.

मात्र खारीचे क्षार पावसानं हळूहळू धुऊन जातात. शिंदखेड्याकडे वर्षाला पाऊस पडतो पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. पण धाबं आळणी करायला तेवढा पुरतो. नवी खारी टाकायला माणूस नसला की दोन-तीन वर्षांत छपरावर गवताची पहिली हिरवी लव दिसते. मुळं खाली जातात, मुळांच्या वाटेनं पाणी खाली जातं, कडी ओली राहते, वाळवी लागते. घर पडायला सुरुवात होते ती अशी, वरून आणि गवतापासून.

भिंतींचं गणित वेगळं. त्या बहुधा पांढऱ्या मातीच्या. काळीत शेत आणि पांढरीत गाव ही आपली जुनी विभागणी. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, शेण, चुना, मोडलेल्या भिंती यांची मिळून ही पांढरी झालेली असते. तिचा कस इतका की जुन्या गढीची माती लोक खत म्हणून शेतात नेतात. अशी भिंत उघडी पडली की सर्वांत आधी येतात एकट्या राहणाऱ्या माश्या. पोळं करणाऱ्या मधमाश्या वेगळ्या. या प्रत्येकीचं घर स्वतंत्र. पेन्सिल जाईल एवढं भोक पाडायचं, आत परागाचा गोळा ठेवायचा, त्यावर अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. पोपडे गेलेली, दक्षिणेकडे तोंड केलेली मातीची भिंत नीट पाहिली तर ती चाळणीसारखी दिसते. शेजारी कुंभारीण माशी चिखलाची मडकी बांधते आणि डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या किंवा कोळी त्यांत भरते. भिंतीत किडे आले की पाली येतात. पालींच्या मागे कवड्या साप येतो, त्याच्याकडे पुढे वळू.

भिंतीतला मोठा भाडेकरू म्हणजे पिंपळ. त्याचं बी मोहरीपेक्षा बारीक. पिकलेलं फळ मैना, बुलबुल, कोकीळ किंवा रात्री वाघळं खातात आणि बी शिटेतून भेगेत पडतं. बाकीच्या झाडांचं रोप अशा जागी आठ दिवसांत वाळेल. पिंपळाचं टिकतं, कारण वड-उंबराच्या या कुळाला दुसऱ्या झाडाच्या ढोलीत, जमिनीशी संबंध न ठेवता, थोड्या ओलीवर तग धरायची सवय आहे. फुटकी भिंत त्याच्या लेखी एक ढोलीच. मूळ ओल शोधत खाली उतरतं, जमिनीला लागतं आणि मग जाड होऊ लागतं. बोटाएवढं असतानाच उपटलं तर भिंत वाचते. पण पिंपळ उपटायला कुणाचा हात धजत नाही. देव आहे म्हणून नाही, तर मुंजा आहे म्हणून. भिंतीपुरतं पाहिलं तर हा भित्रेपणा महागात पडतो. गावातल्या पाखरांच्या बाजूनं पाहिलं तर मात्र त्याचा उपकारच आहे, कारण सगळे पिंपळ एकाच वेळी फळत नाहीत. भर उन्हाळ्यात बाकी रान कोरडं ठणठणीत असताना गावात कुठलातरी एक पिंपळ पिकलेला सापडतो.

आता अंगणात उतरू. इथे पहिला प्रश्न विचारायचा तो झाडांबद्दल नाही, शेळीबद्दल. कुंपण शाबूत आहे का, शेळी आत येते का? उत्तर कुणाला विचारावं लागत नाही, काय उगवलंय त्यावरून कळतं. रुई, धोत्रा, पिवळी फुलं येणारा काटेरी धोत्रा, एरंड, टाकळा, गाजर गवत एवढंच दिसत असेल तर तिथे शेळ्या रोज येतात. कारण ही शेळीनं सोडलेल्या झाडांची यादी आहे. कुणी चिकानं, कुणी विषानं, कुणी वासानं स्वतःला राखलेलं. भिंत उभी आहे, फाटक बंद आहे, अशा अंगणात मात्र बोरीची, निंबाची रोपं दिसतात. बोरीचा कोवळा पाला शेळीच्या नजरेतून कधी सुटत नाही, म्हणजे तिथे ती पोचलेली नाही.

निंबाचं रोप अशा जागी येतं त्यातही वेळेचं गणित आहे. निंबोळीतलं बी फार दिवस जिवंत राहत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती जाते. पण निंबोळ्या पिकतात जून-जुलैमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर. कावळे-बुलबुल गर खाऊन बी टाकतात आणि ते लगेच रुजतं. पाऊस लांबला तर त्या वर्षीचं बहुतेक बी वाया जातं.

वेडी बाभूळ मात्र खुद्द शेळीच पेरते. ही मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांच्या काळात आलेली. तिच्या हिरव्या पाल्याला शेळी फारशी तोंड लावत नाही, पण गोड शेंगा चवीनं खाते. बी कठीण कवचाचं असतं. पोटातून जाताना कवच मऊ होतं आणि लेंडीबरोबर, खतासकट, ते नव्या जागी पडतं. म्हणून शेळ्या बसतात तिथे, शेळ्यांच्या वाटेवर आणि बुराई नदीच्या काठानं वेड्या बाभळीची रांग लागते. एकदा वाढली की तिच्याखाली दुसरं फारसं काही येत नाही. तरी काट्यांच्या जाळीत मुंगसाला आसरा मिळतो, होल्याचं घरटं मांजरापासून वाचतं, आणि गावात ज्यांच्या घरी अजून चूल आहे त्यांना सरपण मिळतं. ती समूळ गेली पाहिजे असं म्हणणाऱ्यांनी आधी गावातली चूल कशावर पेटते ते पाहावं.

रुईपाशी थोडं थांबू, कारण पडक्या अंगणात पाहण्यासारखं सर्वांत जास्त तिच्यावर असतं. शनिवारी मारुतीला माळ लागते म्हणून पानं-फुलं तोडली जातात, तेवढाच माणसाचा तिच्याशी संबंध. पान मोडलं की पांढरा चीक भळाभळा येतो. त्यातली विषारी द्रव्यं हृदयावर काम करतात, आणि चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. तरी या पानांवर वाढणारी एक अळी आहे, पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर शिंगांसारखे काळे तंतू असलेली. ती पान खाण्याआधी शीर चावून चिकाचा पुरवठा तोडते आणि मग त्यापलीकडचा भाग निवांत खाते. विष अंगात साठवते. पुढे तिचं नारिंगी पंखांचं, टोकाला काळं-पांढरं असं फुलपाखरू होतं. ते संथ उडतं, कारण त्याला घाई करायची गरज नसते. एकदा चव घेतलेलं पाखरू त्याच्या वाटेला पुन्हा जात नाही. त्याच झाडावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा जाडजूड नाकतोडाही दिसतो. त्याचीही युक्ती तीच.

रुईच्या फुलात आणखी एक कारागिरी आहे. तिचे पराग सुटे उडत नाहीत, दोन-दोन पिशव्यांत बांधलेले असतात. मोठा काळा भुंगा मधासाठी फुलावर बसतो, त्याचा पाय फुलातल्या बारीक खाचेत अडकतो आणि ओढून काढताना जोडपिशवी पायाला चिकटून येते. पुढच्या फुलात ती तशीच खाचेत बसली की फळ धरतं. लहान माशीला हे ओझं झेपत नाही. कधी कधी ती पाय अडकून फुलावरच मरते. भुंगा हवा तर त्याला घर हवं, आणि त्याचं घर म्हणजे वाळलेल्या लाकडात पाडलेलं भोक. पडक्या घराची कडी त्याला बरोबर मिळते. म्हणजे धाब्याची कुजकी कडी आणि अंगणातली रुई एकाच धंद्यात आहेत.

आतल्या खोलीत, माळ्याच्या कोपऱ्यात किंवा गढीच्या बुरुजाच्या कोनाड्यात गव्हाणी घुबड राहतं. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा. रात्री त्याची किंचाळी ऐकून घर झपाटलेलं ठरतं. ते आहे की नाही हे पाहायला रात्री जायची गरज नाही. दिवसा जमिनीवर अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडलेल्या दिसतात. घुबड भक्ष्य अख्खं गिळतं आणि न पचलेली हाडं-केस गोळी करून तोंडावाटे टाकतं. अशी एखादी जुनी, वाळलेली गोळी काडीनं उकलावी. हात नंतर साबणानं धुवावेत. करड्या केसांच्या लोकरीत बारीक फासळ्या, मांडीची हाडं आणि कवट्या निघतात. कवटीला पुढे दोन लांब पिवळट-नारिंगी दात आणि त्यांच्या मागे मोकळी जागा असेल तर तो उंदीर. दातांची अणकुचीदार, सलग ओळ असेल तर ती चिचुंद्री. एका गोळीत दोन-तीन कवट्या सहज सापडतात. आजूबाजूला कापूस, ज्वारी, बाजरी, हरभरा असलेल्या गावात ही कामगिरी किती मोलाची आहे हे शेतकऱ्याला सांगायला नको. तरीही लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीच्या सुमारास आणि करणीच्या नावाखाली एरवीही घुबडं मारली जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

उंदीर आले म्हणजे साप आलाच. दिवसा दिसणारी, पिवळसर-तपकिरी, लांबलचक, सरसर निघून जाणारी ती बहुधा धामण. ती बिनविषारी, आणि उंदरांच्या बिळात थेट शिरणारी. रात्री भिंतीवर चढलेला, पालींच्या मागावरचा कवड्याही बिनविषारी, पण तो मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पांढरे-पिवळसर पट्टे मानेपासून ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पट्टे पातळ, बहुधा जोडीनं, डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. ही ओळख पुस्तकात सोपी वाटते, विजेरीच्या उजेडात नाही. म्हणून अंतर राखायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं. चावलाच तर बांधाबांधी नाही, चिरणं नाही, मांत्रिक नाही. सरळ सरकारी दवाखाना. तिथे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर चालतं.

बंद घर हा दुर्लक्षाचा एक प्रकार झाला. रेल्वेची हद्द हा दुसरा, आणि त्याचे नियम निराळे. सुरतेकडून येणारा जुना ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग शिंदखेड्यावरून जातो. रुळांच्या दोन्ही बाजूंची पट्टी रेल्वेची. तिथे कुणी नांगरत नाही, घर बांधत नाही; पण ती छाटली जाते, अधूनमधून पेटते, गाडीचा हादरा बसतो. म्हणून तिथे झाड मोठं होत नाही, गवत टिकतं. भराव टाकताना जिथून माती उचलली जाते त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साठतं आणि लव्हाळा, पाणकणीस येतं. टिटवीला असली उघडी, खडीची जागा फार मानवते. घरटं असं काही नसतंच. खड्यांच्या रंगाची, ठिपक्यांची चार अंडी, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात अंडी उबवायची नसतात, थंड ठेवायची असतात. टिटवी जवळच्या डबक्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर येऊन बसते. डबकं बुजवलं तर तिची ही सोय जाते.

बर्लिन शहरात असंच एक रेल्वेचं यार्ड शहराच्या फाळणीनंतर बंद पडलं आणि काही दशकांत तिथे रान झालं. सुडगेलेंडे नावाचं ते रान २००० साली निसर्गोद्यान म्हणून उघडलं गेलं, जुने रूळ तसेच ठेवून. आपल्याकडे गाड्या चालू आहेत, तेव्हा तसलं काही सुचवायचं नाही. पण पडीक जागेला उद्यान म्हणायचं तर आधी लॉन आणि कारंजं लागतंच असं नाही, एवढं त्यावरून दिसतं.

तिसरी जागा बुराईचं पात्र. ही तापीची उपनदी. पावसाळा सोडला तर गावाजवळ तिच्यात जे ओलं दिसतं त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा. नाक दाबून पाहिलं तरी काळ्या चिखलात लांब गुलाबी पायांचे शेकाटे शांतपणे चरताना दिसतात, काठावर ढोकरी आणि खंड्या. सांडपाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, मासे मरतात. पण एका जातीच्या चिलटांच्या लालभडक अळ्या तिथे लाखांनी वाढतात. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तात असतं तशाच हिमोग्लोबिनचा. प्राणवायू धरून ठेवणाऱ्या या द्रव्यामुळे त्या सडक्या गाळात जगतात, आणि शेकाटे त्यांच्यावर. म्हणून पक्षी दिसले म्हणजे नदी बरी आहे असं समजू नये. तिथले पक्षी तिच्या आजाराची खूण आहेत. गावाबाहेर, जिथे काठाची मातीची दरड उभी तुटलेली आहे, तिथे वेडे राघू हातभर खोल बिळं करतात. दरडीला उतार देऊन दगड बसवले की त्यांची वसाहत संपते.

पडक्या जागा सगळ्यांनाच चालत नाहीत, हेही खानदेशातच नीट समजतं. भिंतीच्या भोकात, जुन्या विहिरीच्या कपारीत राहणारा ठिपक्यांचा पिंगळा आपल्या ओळखीचा. रस्त्याच्या दिव्याखाली किडे टिपतो, माणसाची त्याला अडचण नसते. त्याचा सख्खा चुलत भाऊ रानपिंगळा. १८७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर तो कुणालाच सापडेना, नामशेषच समजला गेला. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकांना तो तापीपलीकडे शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला. रानपिंगळ्याला विरळ सागवानी जंगल लागतं आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली. शिंदखेड्यात दहा हजार घरं पडली तरी तो येणार नाही. बंद घरातल्या रानाचं कौतुक करताना ही मर्यादा विसरली की मग "गावातही निसर्ग आहेच की" म्हणत जंगल तोडायला मोकळीक मिळते.

राहिला सफाईचा विषय, कारण तक्रार येते आणि कुणीतरी जेसीबी पाठवतं. तो बहुधा मे महिन्यात येतो. रुई, बोर सगळं मुळासकट निघतं, माती उलटीपालटी होते आणि जागा "स्वच्छ" दिसते. नेमकी अशीच उघडी, हलवलेली माती गाजर गवताला हवी असते. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची ठळक नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. एका झाडाला हजारो बिया. पहिल्या पावसात उगवून महिना-दीड महिन्यात पांढरी फुलं. कातडीला खाज आणि दमेकऱ्यांना त्रास तो वेगळाच. ज्या जागी आधी दहा जाती होत्या तिथे एकच उरते, आणि तीही शेळी न खाणारी.

याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. गाजर गवत जुलैत, फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना हातमोजे घालून उपटावं. मेक्सिकोहून आणून १९८४ साली बेंगळुरूजवळ सोडलेला पट्टेरी भुंगेरा आता आपल्याकडेही पावसाळ्यात त्याच्या पानांवर दिसतो. तो दिसला तर फवारणी करू नये. हिवाळ्यात टाकळ्याच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करून ठेवावं आणि पुढच्या वर्षी मृगाच्या आधी त्याच जागेवर फेकावं. टाकळा दाट उगवतो, गाजर गवताला ऊन मिळू देत नाही, आणि कोवळा असताना त्याची भाजीही होते. त्यावर पांढरट-पोपटी फुलपाखरं अंडी घालतात, तेव्हा थोडा न खुडता ठेवावा. घरच पाडायचं असेल तर आधी एक दिवस कोनाडे आणि भोकं पाहून घ्यावीत; पिंगळ्याची पिल्लं साधारण मार्च-एप्रिलपर्यंत आत असू शकतात.